धुरपताबाईंचा रीच

१७ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०

आजपासून पहाटे पाचला उठायचं. आज सोडून. आज निर्णयच उशिरा झाला.

काल मोबाईलवर तीन तासांचा वेबिनार पूर्ण केला. छोटे व्यवसाय आणि सामाजिक संस्था यांनी सोशल मीडियाचे निर्णय रिसर्च करून कसे घ्यावेत, हा विषय. मधला एक तास लाईट गेली होती, पण मुद्दा कळला. अंदाजाने पोस्ट टाकणारे बुडतात आणि डेटा बघून टाकणारे तरतात. सर्टिफिकेट लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावलं. आईने ते काढून फ्रिजवर ठेवलं.

माझी बायको भक्ती चार वर्षांपासून घरी कुरडया, पापड, शेवया करून विकते. धुरपता गृहउद्योग, सेलू. नाव आईचं, कष्ट भक्तीचे, आणि सोशल मीडियाकडे बघायला कोणीच नाही. ती करते काय, तर ताटातल्या कुरडयांचा फोटो स्टेटसला ठेवते आणि खाली लिहिते, तयार आहेत, फोन करा. लोक फोन करतात. सगळा अंदाजपंचे कारभार. कोणत्या वयोगटातले करतात, कोणत्या वेळी करतात, कोणत्या भावनेने करतात, काही पत्ता नाही. मी विचारलं तर म्हणाली, ज्याला कुरडई लागायली तो करायलाय.

माझी ठिबकची एजन्सी बंद पडल्यापासून मी घरीच आहे. लोकांना वाटतं रिकामा आहे. आजपासून मी धुरपता गृहउद्योगाचा रिसर्च हेड. भक्तीला तसं सांगितलं. तिने हो म्हटलं आणि गच्चीवरची चटई उचलून आणायला सांगितलं.

१८ मार्च. ८.३५

उठायला उशीर. पाचचा आकडा कोणत्याही अभ्यासावर आधारलेला नव्हता. शास्त्रीय पद्धतीने आधी माझी नैसर्गिक वेळ शोधायला हवी. ती साडेआठ दिसते.

सर्व्हेचे प्रश्न काढले. बारा प्रश्न. आईला वाचून दाखवले. ती गच्चीवर काठी घेऊन पापडावरचे कावळे हाकलत होती. म्हणाली की एवढं इचारल्यावर माणूस कुरडई खाईल का पळून जाईल. आईला ब्रँडची जाण नाही. खरं तर ती स्वतःच ब्रँड आहे, आणि आम्ही तिला कावळे हाकलायला बसवलंय.

२० मार्च

बस स्टँडवर सर्व्हे. कोणी थांबेना, म्हणून आश्रुबाच्या हॉटेलात बसलो आणि उत्तर देणाऱ्याला चहा जाहीर केला. मग मात्र लोक आले. आलेलेच परतही आले.

२१ मार्च

निष्कर्ष चक्रावून टाकणारे आहेत. घरची कुरडई आवडते का? सगळे हो. दुकानातली पाकिटातली आवडते का? सगळे हो. कुरडई अजिबात आवडत नाही, असं आहे का? त्यालाही बहुतेक हो. आश्रुबाचं म्हणणं पडलं की सायेब, तुमचा चहा पिऊन तुमाला न्हाई कसं म्हणावं, बरं दिसतंय का ते.

मी निष्कर्षाच्या रकान्यात लिहिलं : बाजार अत्यंत सकारात्मक.

२५ मार्च. दुपार

चार दिवस डेस्क रिसर्च. म्हणजे पलंगावर पडून केला, पण त्याला म्हणतात तसं. तालुक्यातले सगळे फेसबुक ग्रुप आणि पेजेस तपासतोय. भक्तीला वाटतं मी मोबाईल बघत पडलोय. गहू निवडायला बसा म्हणाली. रिसर्च हेडने गहू निवडायचा का, हा धोरणात्मक प्रश्न आहे. अर्धं पोतं निवडलं.

२६ मार्च

मोठी बातमी. मानवतच्या माणिकरावांच्या मुलीचं लग्न एप्रिलअखेर आहे. रुखवताचं सगळं वाळवण आपल्याकडून घ्यायचं म्हणाले : पापड, शेवया आणि ताटभर रुंदीच्या पाच रंगांच्या कुरडया. भक्तीची रुखवताची पहिली ऑर्डर. रुखवत सगळं गाव वाकून वाकून बघतं, त्यामुळे हे एक नीट गेलं तर मानवतची लग्नं आपल्याकडे येतील आणि भक्तीच्या हाताखाली येणाऱ्या बायांना पावसाळ्यापर्यंत काम मिळेल. केवळाबाई आणि तिच्यासोबतच्या तिघींनी शेतातल्या हळद काढणीच्या कामाला नाही म्हणून सांगितलंसुद्धा. केवळाबाई म्हणाली, उन्हातनं सुटले माय. भक्ती आज भाकरी थापताना गाणं म्हणत होती. लग्नानंतर दुसऱ्यांदा ऐकलं.

ऑर्डर कशी आली विचारलं. माणिकरावांच्या आईने कोणाच्या तरी बारशात आपली कुरडई खाल्ली होती. म्हणजे सोशल मीडियाचा वाटा शून्य. मला हे लागलं. पुढच्या ऑर्डरचं श्रेय डेटाला मिळालं पाहिजे.

२८ मार्च. सायंकाळी ५

सापडलं!

गेल्या सहा महिन्यांत तालुक्यात सर्वांत जास्त कमेंट कशावर आल्या? पुढाऱ्यांच्या वाढदिवसांवर नाही. त्यावर तेच ते कार्यकर्ते फिरून फिरून येतात. पावसावर नाही, कापसाच्या भावावर नाही. पहिला नंबर एकाच प्रकाराचा : काळा-पांढरा फोटो, भोवती झेंडूची किनार, वयस्कर चेहरा, थोडा मजकूर. त्यावर अख्खा तालुका हात जोडून जातो. वैर असलेलेसुद्धा.

लोकांना भावना हवी आहे. कुरडई नंतर.

मला स्पष्ट दिसलं. ब्रँडचा चेहरा आई. काळा-पांढरा फोटो. झेंडूची किनार. वेबिनारमध्ये सांगितलं होतं की पहिल्या पोस्टमध्ये काहीही विकायचं नाही, आधी नातं जोडायचं. म्हणून कुरडईचा उल्लेख नाही. तो दुसऱ्या दिवशीच्या पोस्टमध्ये.

भक्ती म्हणाली, टाकायच्या आधी मला दाखवा. दाखवणार नाही. त्याने निकालावर परिणाम होतो.

२९ मार्च

फ्लेक्सवाल्या बबलूकडे गेलो. आईचा हसरा फोटो एकही नाही, बँकेसाठी काढलेला दिला. बबलूकडे अशा डिझाईनचा साचा तयारच होता, खाली समईसकट. फोटो बघून त्याने हातातला माऊस सोडला. मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाणी मागवलं, आणि पैसे घ्यायला चक्क नकार दिला. मी निघताना म्हणाला, काई बी लागलं तर हाक मार, रातच्याला बी.

कलाकार माणूस. चांगलं ब्रँडिंग बघून हलला.

३१ मार्च, सोमवार

भक्तीने आज सकाळी रुखवताच्या कुरडयांचा गहू भिजत घातला. आता तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. एकदा भिजला की गहू कोणासाठी थांबत नाही. या उन्हात एक दिवस जरी चुकला तरी आंबून वास मारतो.

संध्याकाळी ७.००. धुरपता गृहउद्योगाचं फेसबुक पेज काढून पोस्ट टाकली, तालुक्याच्या सगळ्या ग्रुपांवरही. मजकूर माझा : "श्रीमती धुरपताबाई. चौऱ्याहत्तर वर्षांचा प्रवास. त्यांच्या हातची चव आणि त्यांची माया सेलूकर कधीही विसरणार नाहीत. — महारुद्र आणि परिवार."

७.२०. अविश्वसनीय. आकडे धावत सुटलेत.

८.१५. मोबाईल गरम झाला. हात जोडल्याच्या खुणाच खुणा. महिला ग्राहकांत आपल्याबद्दल एवढा आदर असेल असं वाटलं नव्हतं. कमेंट वाचत बसलो नाही, वेबिनारमध्ये सांगितलं होतं की आधी आकडे बघा. फोन येऊ लागले म्हणून आवाज बंद केला. लीड्सना, म्हणजे होऊ घातलेल्या गिऱ्हाइकांना, लगेच उत्तर दिलं की किंमत कमी होते.

आई बाजूलाच दूध-भाकर खात होती. तिला म्हटलं, तू आज तालुक्यात पहिली आलीस. तिने विचारलं, कशात. म्हटलं, उद्या कळेल.

१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ७.४५

कळलं.

सोनपेठची मावशी पहिल्या एसटीने आली. सोबत चार बायका. गल्लीच्या तोंडापासून हंबरडा फोडत. दार आईने उघडलं, हातात कावळ्यांची काठी. मावशीने मान खाली घालूनच आईच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. आपल्याकडे रडणारी बाई आली की आधी रडायचं आणि कोण गेलं ते नंतर विचारायचं. आईनेही रीतीप्रमाणे गळा काढला. दोघी बराच वेळ मनापासून रडल्या. मग आईने डोळे पुसून विचारलं, कोण गं?

मावशीने वर बघितलं. ती खालीच बसली. तिला कांदा हुंगवावा लागला.

१०.३०

माणसं येतच आहेत. भाकरी-पिठल्याचे डबे घेऊन. आई दारातच खुर्ची टाकून बसली आहे, प्रत्येकाला दिसावी म्हणून. कोण आलं, कोण नाही, यावर तिचं बारीक लक्ष आहे. समोरची बाई घरातूनच मोबाईलवर हात जोडून मोकळी झाली, हे तिला फार झोंबलंय. मला म्हणाली, मी मेले न्हाई, तूच मारायलास मला.

भक्तीने आधी हात पुसले. मोबाईल हातात घेऊन पोस्ट बघितली. मोबाईल परत दिला. गव्हाचं पाणी बदलायला गेली.

१.१५

माणिकरावांचा फोन. ताई, लय वाईट झालं, म्हातारी लय गुणाची व्हती म्हणाले. पण तुमच्या घरात सुतक, अन आमच्याकडं मंगलकार्य. रुखवताला सुतकाच्या घरचं कसं घ्यावं, तुमीच सांगा. पापड-शेवयांचं दुसरीकडं सांगून टाकलं, कुरडयांचंबी बघायलोय. भक्ती म्हणाली, अहो, त्या जिवंत हायत, दारात बसल्यात. ते म्हणाले, ताई, मन घट करा. आणि फोन ठेवला.

केवळाबाई आणि बाकीच्या तिघी कामाला आल्या होत्या. ओसरीवर बसून राहिल्या. केवळाबाईने एवढंच विचारलं की हळदीवाल्यानं आता दुसऱ्या बाया लावल्या असतील का.

मला आतून फार वाईट वाटलं. मोरीत जाऊन तोंड धुतलं. बाहेर आल्यावरही तसंच वाटत होतं.

३.००

घाबरायचं नाही. डेटानेच बिघडलं, डेटानेच निस्तरणार. जुनी पोस्ट काढली. (त्याआधी आकड्यांचा स्क्रीनशॉट घेतला. आमच्या तालुक्यात असा रीच कोणी बघितला नसेल.) नवी टाकली : "श्रीमती धुरपताबाई जिवंत आहेत. कृपया नोंद घ्यावी." रंगीत फोटो. झेंडू नाही.

५.३०

नव्या पोस्टला प्रतिसाद जवळपास नाही. दुरुस्तीला रीच मिळत नाही, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ज्या थोड्या कमेंट आल्या त्या शिव्या आहेत. बबलूने लिहिलंय, आईच्या मरणावर एप्रिल फूल करतोस, लाज वाटू दे.

तारीख माझ्या लक्षात आली नव्हती. कंटेंट कॅलेंडर केलं असतं तर आली असती.

मग एकेकाला फोन लावले. आई जिवंत आहे म्हटलं की पलीकडून आवाज मऊ होतो. हाव बाबा, आई कुटं जात न्हाई, आपल्या मनात असतीया, असं म्हणतात. एकाने भक्तीला फोन मागितला आणि तिला सांगितलं की यानला एकटं सोडू नका.

२ एप्रिल. सकाळी ७

रात्री भक्ती एकच वाक्य बोलली. उद्या सांजच्याला गहू वाटायचा हाय, कोणासाठी वाटू ते सांगा.

सर्व्हेचा कागद पुन्हा काढून बघितला. सगळीकडे हो.

८.३०

आईने निर्णय घेतला. नऊवारी बदलली, कपाळाला बुक्का लावला, आणि भक्तीला म्हणाली, चल मानवतला. मी चप्पल घालायला लागलो तर म्हणाली, तू कावळे बघ. एसटीला दोघीच गेल्या.

गच्चीवर घरचे पापड वाळत आहेत. मी काठी घेऊन बसलो आहे. मानवतला नेमकं काय चाललंय, याचा कसलाही डेटा नाही.

४.४५

आल्या.

भक्तीने आधी बायांना सांगितलं, मग माझ्याकडे न बघता मला. माणिकरावांच्या दारात आईला बघून घराला रंग देणारी माणसं शिडीवरून खाली उतरली. आई थेट माणिकरावांच्या म्हाताऱ्या आईजवळ जाऊन बसली. म्हणाली, अक्का, का करावं, शनवारी गच्चीवर कावळा डोस्क्याला शिवला. मग लेकाला म्हणलं, बाबा, माझ्या मरणाचा निरोप धाड सगळ्या पाव्हण्यायला. त्यानं धाडला. तुमाला तरास झाला, माफी करा.

म्हातारीने लगेच आईच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. कावळा शिवला की खोटा निरोप पाठवायचा, जवळची माणसं रडली की आलेलं संकट उतरतं, हे तिला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. म्हणाली, माझ्या सासूच्या डोस्क्यावर तर बसलाच व्हता, आमीबी असंच केलं व्हतं. मग लेकावर ओरडली की जित्या बाईचं सुतक धरतूस व्हय रे.

पापड-शेवया गेल्या त्या गेल्या. दुसरीकडे शब्द गेलाय, तो मोडता येत नाही. कुरडया मात्र आपल्याच. केवळाबाईने ऐकलं आणि पाटा धुवायला घेतला.

मी आईला विचारलं, खरंच शिवला होता का कावळा? म्हणाली, पन्नास वर्सं झाली हाकलायले, एकाची हिंमत न्हाई. मग कशाला सांगितलंस? तर म्हणाली, मग का सांगावं, माझा लेक येडा हाय म्हणून?



३ एप्रिल

पहाटे चीक काढला, शिजवला, दुपारपर्यंत पाच रंगांच्या कुरडया गच्चीवर. ताटाएवढ्या. सुरेख. मी फोटो काढायला मोबाईल उचलला. भक्तीने तो हळूच काढून घेतला, स्वतः एक फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला : तयार आहेत, फोन करा. मोबाईल परत देताना पेजचा पासवर्ड बदललेला होता.

संध्याकाळपर्यंत फोन चालूच. माझ्या मते हा आधीच्या मोहिमेचा परिणाम आहे. ब्रँडची आठवण राहते ती अशी. भक्तीला हे सांगायचं ठरवलं. नंतर नाही सांगायचं ठरवलं.

५ एप्रिल

माझं नवं पद : कावळे. सकाळी आठ ते ऊन उतरेपर्यंत. आई आता खाली बायांना कुरडई कशी पालटायची ते शिकवते. पद तात्पुरतं असावं.

७ एप्रिल, सोमवार. १२.२०

डुलकी लागली होती. एक कावळा डोक्याला पंख घासून गेला. खराखुरा. कुरडईचा तुकडाही नेला.

मी हे सगळं मानत नाही. पण मन लागेना, म्हणून खाली येऊन सांगितलं. आई गंभीर झाली. म्हणाली, मग तुझाबी निरोप धाडावा लागंल.

पेज भक्तीकडे. माझ्या स्वतःच्या अकाउंटवर टाकली. काळा-पांढरा फोटो, झेंडू, समई. यावेळी फोटो चांगला होता, पोस्टची वेळही अभ्यासपूर्वक निवडली.

६.००

कोणी आलं नाही. कोणाचा फोन नाही. आईची गोष्ट मानवतहून सगळीकडे पोचली आहे, त्यामुळे आता कोणी फसत नाही. थोड्या कमेंट आहेत. आश्रुबाने लिहिलंय, सायेब, कावळा का? बबलूने हसण्याची खूण टाकली आहे. सोनपेठच्या मावशीने पोस्ट बघितलेली दिसते, पुढे काही नाही. मानवतच्या एका बाईने विचारलं आहे की कुरडया अजून शिल्लक हायत का. त्याला भक्तीने उत्तर दिलं आहे.

आईने विचारलं, रडलं का कोणी? म्हटलं, अजून नाही, पण रीच हळूहळू वाढतो. ती म्हणाली, रडल्याबिगर उतरत न्हाई. आणि मला हाताला धरून स्वयंपाकघराच्या दारात घेऊन गेली.

भक्ती पुढच्या ऑर्डरच्या पापडांसाठी मिरच्या कुटत होती. तोंडाला पदर बांधलेला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिने आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा कुटायला लागली.

आईने समाधानाने मान हलवली. म्हणाली, झालं, रडली. आता जेवून घे.

सॅम्पल साईज एक. मिरच्यांचा मुद्दा मी काढला नाही.